आंबट संत्रं

नातवंडांनो, आज सकाळी संत्रं सोलताना बोटांना सालीचा वास लागला आणि तुमची आई परदेशातून पहिल्या सुट्टीत सौंसरला घरी आली तो दिवस आठवला. घरी आपली बोली, शाळेत इंग्रजी आणि मग समुपदेशनाचे शिक्षण इतक्या दूर. पोरगी आपली राहिली असेल का, याची मला धास्ती होती.

शेजारच्या कुसुमबाई लेकीला घेऊन आल्या. नापास झाल्यापासून ती महिनाभर कोणाशी बोलली नव्हती.

"तुमची विलायतवाली इंग्रजीत बोलन का वं इच्याशी?" कुसुमबाईंनी मला हळूच विचारले.

तुमची आई संत्र्यांची टोपली घेऊन फरशीवर मुलीजवळ बसली. "काही सांगू नको वं. मी सोलून राहिली, तू खा."

तिची आपली बोली ऐकून मला हायसे वाटले. मग ती एकेक संत्रं सोलून फोडी मुलीपुढे ठेवत राहिली. मी मध्ये बोलणार, तर तिने डोळ्यांनीच थांबवले. असे न बोलता वाट पाहणे ती तिकडून शिकून आली होती, हे मला आता कळते.

चौथ्या संत्र्याला मुलगी म्हणाली, "हे आंबट हाये, ताई."

कुसुमबाईंनी पदर तोंडाला लावला. मी चहा ठेवायला आत गेले आणि साखर दोनदा घातली. तुमची आई अजून त्यावरून मला चिडवते.