रेडिएटरमधलं खारं पाणी

वडिलांच्या बाराव्यानंतर मी आमची बंद पडलेली जुनी जीप ओढत रेवदंड्याच्या एका मेस्त्रींकडे नेली. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. कोळी लांबून होड्यांची इंजिनं त्यांच्याकडे आणत, कारण इंजिनाबद्दल हा माणूस खोटं बोलत नाही अशी ख्याती होती.

त्यांनी आधी मागच्या सीटवरची उशी उचलली आणि तेल लागू नये म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळून फळीवर ठेवली. मग रेडिएटरमध्ये बोट बुडवून जिभेला लावलं आणि ते थुंकले.

"खाडीचं पाणी कुणी वतलं?"

"मीच. अलिबागला जाताना पाइप फुटून कूलंट गळून गेलं होतं. पाइप फडक्याने बांधला, पण इंजिन तापलं होतं, जवळ दुसरं पाणी नव्हतं."

त्यांनी इंजिनावरचं झाकण, म्हणजे हेड, उतरवलं, खालचा गॅस्केटचा पातळ पत्रा उजेडात धरला आणि त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"जुना, पण चांगला व्हता. तापल्या इंजिनात गार पाणी घातलंस म्हणून गेला. अर्धा तास थांबला असतास, तर गाडी अलिबागला पोचली असती."

"मागे वडील होते," मी म्हणालो. "त्यांना धाप लागली होती, दवाखान्यात नेत होतो."

मेस्त्रींनी फळीवरच्या उशीकडे पाहिलं. बराच वेळ ते फडक्याने हात पुसत राहिले. मग तोच पत्रा त्यांनी पुन्हा उजेडात धरला.

"न्हाय रं पोरा, ह्यो आधीच गेला व्हता. थांबून पण पोचली नसती."

बघण्यासाठी मी हात पुढे केला, तोवर त्यांनी तो पत्रा दुमडून भंगारात टाकला होता.