धर्म वेगळा, येशू वेगळा

टाकी भरत आली होती आणि वत्सलाबाईंचा अजून पत्ता नव्हता.

टाकी म्हणजे आमच्या चर्चमधली बाप्तिस्म्याची टाकी. व्यासपीठाखाली बांधलेली आहे, एरवी तिच्यावर फळ्या टाकलेल्या असतात. कुणी ख्रिस्ती मंडळीत यायचं ठरवलं की त्याला त्या पाण्यात एकदा पूर्ण बुडवून वर काढायचं. हे काम पाळकाचं, म्हणजे माझं. बाहेरचे लोक मला फादर म्हणतात. आमच्या पंथात फादर नसतो, आम्हाला बायकापोरं असतात, हे सांगून सांगून मी दमलो. आता फादर म्हटलं की ओ देतो.

जळगाव जामोदच्या बाजूला आमची छोटीशी मंडळी आहे. बाप्तिस्मा क्वचितच होतो, त्यामुळे त्या रविवारी सगळे वेळेआधी हजर. आमचे सेक्रेटरी, रिटायर्ड हेडमास्तर, सारखे दाराकडे बघत होते. बाई येणार नाहीत असं त्यांचं मत होतं. बस उशिरा असेल असं माझं.

मग बाई आल्या. मागे त्यांचे यजमान, पुंजाजी. बाईंचं कपाळ कोरं होतं.

कुंकू पुसून या, असं मीच सांगितलं होतं.

आमची ओळख दवाखान्यातली. हॉस्पिटल व्हिजिट हा पाळकाच्या ड्यूटीचा भाग असतो. वॉर्डात फिरायचं, कुणी हो म्हटलं तर त्याच्यासाठी प्रार्थना करायची. पुंजाजी हृदयाच्या दुखण्यानं खाटेवर होते. वरवट बकाल गावचं शेतकरी घर, खाऊन-पिऊन सुखी. वत्सलाबाई उशाशी बसून होत्या. मी शेजारच्या पेशंटसाठी प्रार्थना करत होतो, ती ऐकून त्यांनी मला बोलावलं. पुंजाजींनी मात्र मला खालून वर न्याहाळलं.

"फादर साहेब, धरम बदलाचा आहे का आमचा?"

या प्रश्नाचं उत्तर आम्हा पाळकांच्या खिशात तयार असतं. हल्लीच्या दिवसांत तर ते सोयीचंही आहे. मी म्हणालो, "पुंजाजीभाऊ, हा धर्मच नाही. ही श्रद्धा आहे. धर्म वेगळा, येशू वेगळा. तुम्हाला काहीच सोडायचं नाही."

"मंग करा पार्थना," ते म्हणाले आणि डोळे मिटले.

पुंजाजी बरे होऊन घरी गेले. त्यानंतर वत्सलाबाई दर रविवारी बसनं चर्चला येऊ लागल्या. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, डोक्यावर पदर. शेवटच्या बाकावर खिडकीपाशी बसायच्या. गाणी त्यांना आमच्या मेंबरांपेक्षा लवकर पाठ झाली. पुंजाजी सोबत यायचे, पण आत नाही. बाहेर लिंबाखाली सुपारी कातरत बसायचे.

बाईंनी माझं वाक्य अक्षरशः खरं धरलं होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "बैलाची पूजा केली, अन् येशूले सांगतलं का बैल त्वाच देल्ला." मला हसू आलं. घरी जेवताना मी हे बायकोला गंमत म्हणून सांगितलं. ती हसली नाही.

गाडी अडली ती प्रभुभोजनाला. महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकरीचे बारीक तुकडे एका ट्रेमध्ये ठेवून बाकांवरून फिरवतात. येशूची आठवण म्हणून प्रत्येकानं एक घ्यायचा. पण बाप्तिस्मा झालेल्यांनीच. एका रविवारी ट्रे माझ्याच हातात होता. वत्सलाबाईंनी हात पुढे केला, मागून सेक्रेटरी खोकले, आणि मी ट्रे मागे ओढला. जेवायला बसलेल्याच्या पुढचं ताट उचलावं तसं झालं. बाई ओशाळून हाताकडे बघत राहिल्या.

नंतर त्यांनी विचारलं, काय केलं म्हणजे मिळते? मी म्हणालो, बाप्तिस्मा. "त द्या," त्या म्हणाल्या.

मी विषय मंडळीच्या कमिटीपुढे ठेवला. कमिटीची एकच अट निघाली, कुंकू चालणार नाही. ती जुन्या धर्माची खूण. मी मान डोलावली. मी मिशनच्या कंपाउंडमध्ये वाढलेला माणूस. आमच्याकडे माझी आजी, आई, बायको, कुणीच कधी कुंकू लावलं नाही. कोरं कपाळ म्हणजे माझ्यासाठी नुसतं कपाळ. वरवट बकालमध्ये त्याचा अर्थ काय होतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण माझ्या मनात ते आलंच नाही. मी बाईंना निरोप सांगितला.  त्या म्हणाल्या, "यांले इचारते."

आणि आता त्या दारात उभ्या होत्या. चेहरा रडून सुजलेला. मी पुढे झालो तर पुंजाजी आधी बोलले. आवाज चढलेला नव्हता.

"फादर साहेब, मी त अजून जिता आहो."

बसमध्ये काय झालं ते त्यांनीच सांगितलं. बाईंच्या माहेरची एक बाई मध्येच चढली. हिचं कपाळ पाहिलं आणि गळ्यात पडून रडायला लागली. कधी झालं वो, आम्हाले काऊन कळवलं नाही. गाडीतल्या बाकी बायकाही हळहळल्या. पुंजाजी मागच्याच सीटवर तिकिटं धरून बसले होते. आपण मेलो नाही हे भर गाडीत कसं सांगावं, हे त्यांना सुचेना. वत्सलाबाई तर स्वतःच रडायला लागल्या.

"तुम्हीच म्हनलं होतं, काही सोडाचं नाही," पुंजाजी म्हणाले. "हिनं काही सोडलंच नाही. मलेच सोडलं."

सेक्रेटरी जवळ येऊन हळूच म्हणाले, "पास्टर, पाणी तयार आहे. मंडळी खोळंबली."

मी म्हणालो, "भाऊ, तो मंडळीचा नियम आहे."

तेव्हा वत्सलाबाईंनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "पास्टर भाऊ, हे येशूनं सांगतलं का कमिटीनं?"

संडे स्कूलच्या पोरालाही उत्तर आलं असतं. मला यायला वेळ लागला. मी म्हणालो, "कमिटीनं."

त्यांनी पिशवीतून कुंकवाची डबी काढली. आरसा नव्हता. बोटानं चाचपून कपाळावर कुंकू रेखलं, थोडं वाकडं झालं. मग जाऊन शेवटच्या बाकावर बसल्या. पुंजाजी लिंबाखाली गेले. मी व्यासपीठावर चढून उपदेश केला. पायाखाली टाकीभर पाणी होतं आणि वर मी कोरडा पाषाण. काय बोललो ते आठवत नाही.

लाज वाटली. पण काही करून दाखवण्याइतकी नाही वाटली, हे खरं. मी कमिटीत विषय पुन्हा काढला, तो भीतभीतच. सेक्रेटरींनी मला जे ऐकवलं ते खोटं नव्हतं. ते म्हणाले, "माझा आजा ख्रिस्ती झाला तेव्हा गावानं त्याचं पाणी बंद केलं. लग्नाला पोरगी मिळेना, मातीला जागा मिळेना. नुसती श्रद्धा घेऊन तो कुठं गेला असता? हे चर्च होतं, नियम होते, धर्म होता, म्हणून आज आपण आहोत. तुम्ही तो बाजूला काढायला निघालात."  याचं उत्तर मला अजूनही नीट येत नाही. मग आमच्या सुपरिंटेंडंटांचा फोन आला. सुपरिंटेंडंट म्हणजे पाळकांच्या बदल्या ज्यांच्या हातात असतात ते. म्हणाले, "रिटायरमेंट जवळ आली ना तुमची? कशाला धुरळा उडवता?" मी विषय तिथंच सोडला.

बाई येत राहिल्या. पहिल्या रविवारी ट्रे त्यांच्या बाकावर आला की त्या तो धरायच्या आणि शेजारच्या बाईला द्यायच्या. स्वतः तुकडा घ्यायच्या नाहीत. सांडू नये म्हणून ट्रेखाली हात धरायच्या. मी दर वेळी तेवढा वेळ पुस्तकात डोकं घालायचो.

गेल्या हिवाळ्यात पुंजाजी गेले. मी वरवट बकालला जाऊन आलो, गर्दीत मागे उभा राहिलो. काही आठवड्यांनी बाई एकट्या चर्चला आल्या. हातात बांगड्या नव्हत्या आणि कपाळ कोरं होतं.

त्यांना दारात बघून माझ्या मनात पहिला विचार आला, तो सांगायला जीभ रेटत नाही. दुःखाचा नव्हता तो. माझ्या मनात आलं, आता अडचण उरली नाही.

एवढ्यात सेक्रेटरी जवळ आले. त्यांचे डोळे पाणावले होते. माणूस वाईट नाही. माझ्या कानाशी म्हणाले, "पास्टर, आता त्यांना बाप्तिस्मा देता येईल." माझाच विचार दुसऱ्याच्या तोंडून ऐकला आणि मला माझी किळस आली.

तो महिन्याचा पहिला रविवार होता. भाकरीचा ट्रे निघाला तेव्हा मी तो कुणाच्या हाती दिला नाही. स्वतः चालत शेवटच्या बाकापाशी गेलो आणि वत्सलाबाईंपुढे धरला. बाप्तिस्मा नाही, कमिटीला विचारणं नाही. सगळी मंडळी माना वळवून बघत होती. आपण फार मोठं काही करतो आहोत असं मला वाटत होतं, हेही सांगून टाकतो.

बाईंनी ट्रेकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"माह्या कपाळावर कुकू होतं तवा द्याचं होतं, पास्टर भाऊ."

रागानं नाही बोलल्या. माझ्या हातातून ट्रे घेतला आणि शेजारच्या बाईकडे सरकवला, खाली हात धरून.

कमिटीनं त्या दिवसाबद्दल मला काही विचारलं नाही. वत्सलाबाई अजून येतात, त्याच बाकावर बसतात. 'धर्म वेगळा, येशू वेगळा' हे वाक्य मी आता बोलत नाही. त्या मात्र त्याच वाक्याच्या भरवशावर येतात.

माझ्यानंतर येणाऱ्या पाळकाला मी एवढंच सांगणार आहे. आजारी माणसाच्या खाटेपाशी उभं राहून, आपल्या चर्चच्या दारात पाळता येणार नाही असं काही बोलू नको. माणसं बरी होतात, आणि बस धरून येतात.