ड्रममधून धरलेला पडदा

पाकिस्तानमुळे आमच्या घराचं नुकसान झालं ते आजवर एकदाच, आणि त्यातही चूक माझीच होती.

दुष्काळाचं वर्ष. उदगीरात तेव्हा दोनच गोष्टी 'येणार, येणार' म्हणून गाजत होत्या : नळाला पाणी आणि उदगीरचा नवा जिल्हा. तिसरी मी आणली. मोबाइलवर बातमी वाचली, की पाकिस्तानात एक नवा सिनेमा येतोय. तिथल्या अल्पसंख्याकांवर, त्यांच्या सणावारांवर, बोलीवर. (मी पडलो शाळामास्तर. वाचलेली बातमी गल्लीला वाचून दाखवल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही.)

"म्हणजे आपल्यावरच की!" मी म्हणालो. आमचे वडील छप्पन सालानंतर बौद्ध झालेले. तेव्हा अल्पसंख्याक आम्हीच.

"तुमच्यावर कसा, सर?" शेजारच्या रशिदाखाला म्हणाल्या. "अल्पसंख्याक तर आम्ही हाव!"

"तिकडं तुम्ही बहुसंख्य, खाला!"

"मी कधी गेले हो तिकडं? मी देवणीच्या पुढं गेले न्हाई!"

अल्पसंख्याक नेमके कोण, यावर गल्लीत बहुमत काही होईना.

गप्प होते ते एकटे गोपालकाका. कापड दुकानवाले, सिंधी. फाळणीत सहा वर्षांचे असताना आईचं बोट धरून इकडं आलेले. हळूच म्हणाले, "मास्तर, शूटिंग झालं त्या गावाचं नाव परत वाचा."

"शिकारपूर."

"तिथं झाकलेला बाजार हाय. वर छप्पर, भर उन्हाळ्यात गार. पाचवं दुकान आमच्या बापाचं. निळं दार... निळंच होतं, का मी मनानं रंगवलं, कळंना झालंय. इचारायला आता कुणी उरलं न्हाई."

झालं! माझ्यातला समाजसेवक खडबडून जागा झाला. काकांना त्यांचं दार दाखवायचंच! रविवारी संध्याकाळी सातला, इंटरनेटवर, फुकट! हेडमास्तरांच्या हातापाया पडून शाळेचा प्रोजेक्टर आणला. जयंतीला स्टेजवर अंथरतो ती पांढरी चादर झाली पडदा. तिचं एक टोक आमच्या अंगणातल्या शेवग्याला, दुसरं भिंतीतल्या खिळ्याला.

त्याच दिवशी सकाळी, बारा दिवसांनी, नळाला पाणी आलं. खिळ्याखालचा मोठा ड्रम माझ्या बायकोनं, सुनंदानं, काठोकाठ भरला, त्यावर प्लायवूडचा तुकडा झाकला आणि मला बजावलं, "प्यायचं पाणी हाय. आता बारा दिवस याच्यावरच काढायचेत. हात लावू नका."

हात मी लावला नाही. ते कबूल करावंच लागेल.

सातला पाच मिनिटं कमी. अख्खी गल्ली अंगणात, पहिल्या रांगेत नवा सदरा घालून गोपालकाका. आणि खिळ्याची गाठ सुटली!

"शिडी आणा," सुनंदा म्हणाली.

"शिडी कशाला?" असं म्हणत मी ड्रमवर चढलो. (माझं वजन त्या वेळी... जाऊ द्या.) चादरीचं टोक हातात घेतलं, हात वर केला, आणि कडाड्! मी उभाच्या उभा आत! छातीपर्यंत पाणी. बाकीचं पाणी बाहेर.

"अगं बाई, गेलं!" सुनंदा किंचाळली. (मी नव्हे. पाणी.)

दोघं जण मला ओढून काढायला धावले, तेवढ्यात चादरीवर लख्ख उजेड पडला.

"सोडू नका, मास्तर!" गोपालकाका ओरडले. "हलू नका! बाजार आला!"

आता काय करता? मी ड्रममध्ये ताठ उभा राहिलो, हात वर, मुठीत पाकिस्तान! मला कडेनं काहीच दिसत नव्हतं. दिसत होता तो फक्त काकांचा चेहरा. नाकातून पाणी गळत असताना मी तेवढाच सिनेमा पाहिला.

दोनच मिनिटांत पडद्यावर 'लवकरच' उमटलं आणि अंधार.

"संपला?" खाला म्हणाल्या. "लई बारका सिनेमा हाय की, सर!"

सिनेमा नव्हताच तो. ट्रेलर होता. मी बातमीतली तारीख वाचली होती, पुढची ओळ नाही.

मी खाली मान घालून काकांची माफी मागायला तोंड उघडलं, तर काका हसतही होते आणि डोळेही पुसत होते. "हिरवं होतं, मास्तर! बघितल्याबरोबर आठवलं. सत्तर वर्षं मी चुकीच्या रंगाचं दार सांभाळून बसलो!"

सुनंदा मात्र ड्रमकडं बघत होती. ते पाणी आता शेवग्यालाच घालायचं होतं. तेवढ्यात खाला उठल्या, घरी गेल्या आणि डोक्यावर कळशी घेऊन आल्या. काकांच्या सुनेनं दोन आणल्या. मग एकेक करून सगळी गल्ली. ज्या दिवसांत पाहुण्याला आधी 'पाणी पिऊनच आलात ना?' असं विचारत, त्या दिवसांत! आठ वाजायच्या आत घासलेला ड्रम पुन्हा काठोकाठ. मी आभार मानायला लागलो, तर खाला म्हणाल्या, "भाषण नको सर, कपडे बदला."

जिल्हा अजून झालेला नाही. सिनेमाही आमच्यापर्यंत पोचलेला नाही. गोपालकाका दर रविवारी चौकशी करतात आणि पडदा मीच धरायचा, असं गल्लीनं एकमतानं ठरवलंय. सुनंदाचीही हरकत नाही. तिची अट एकच : "ड्रममध्ये उतरायच्या आधी आंघोळ करा."