झुंबरबाईचे डबे

घाबरट माणसाची आमच्या गावात टिंगल होते, आणि झुंबरबाईइतकी टिंगल कोणाच्याच वाट्याला आली नसेल. टिंगल करणाऱ्यांत मी, किसन माळी, सगळ्यांत पुढे होतो. म्हणून हे मीच सांगायला हवं.

ती रोहिणखेडची. लग्न होऊन पूर्णेकाठी आली ती तुळशीराम भोयाच्या घरात. नवरा नाव चालवायचा आणि ही मागे बसून घासलेटच्या अर्ध्या कापलेल्या डब्यानं नावेतलं पाणी उपसायची. पोहता येत नव्हतं. नाव काठावरून सुटली की हिचे ओठ हलायला लागत. आम्हाला वाटे, देवाचं नाव घेते. ती डबे मोजत होती.

नाव मुळात उकंडराव पाटलांची. पलीकडच्या शेतातला कापूस आणि घरची माणसं आणायला त्यांनी सातपुड्याच्या सागाची करून घेतलेली. तेव्हा एका फेरीला दोन डबे पाणी निघे. पुढे ती हिंमतराव ठेकेदाराला विकली, आणि तुळशीराम-झुंबरबाई नावेबरोबरच गेली. हिंमतरावानं फळ्या ठोकून बैठका केल्या, हिरवा रंग दिला आणि जळगाव जामोदच्या बाजाराची माणसं, शेळ्या, वांग्यांच्या पाट्या, सगळं कोंबलं. डबे सात झाले. महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी नाव नारायणशेठनं घेतली. त्यानं लाल-पिवळे पट्टे ओढले, पुढे झेंडा लावला. बुडाकडे तिघांपैकी एकानंही पाहिलं नाही. आता डबे अकरा झाले होते.

झुंबरबाई भीतभीत शेठकडे गेली. "मालक, बूड सडलं. पाणी लय येऊन राह्यलं."

शेठ नावेत उतरला, वाकून पाहिलं. "कुठी हाये पाणी? मले त नाई दिसत."

दिसणार कसं? काठाला लागेपर्यंत बाईनं थेंब ठेवला नव्हता. यातच सगळी गोम होती. तिचं काम इतकं चोख की तिच्या बोलण्यावर कोणाचा विश्वास बसेना. "काऊन मावशी, बुडालो का आपन?" असं मी दर बाजारी ओरडायचो आणि अख्खी नाव हसायची. तीही कसनुसं हसायची.

माझं लग्न मार्गशीर्षात पलीकडच्या गावी झालं. त्या साली पाऊस दिवाळीपर्यंत लांबला होता, डोह अजून भरलेला. परतताना नावेत तीस माणसं, वाजंत्री, रुखवताची भांडी आणि माझ्या शेजारी नवी नवरी, पुष्पा. नाव सुटायच्या आधी झुंबरबाईनं माझी बाही धरली.

"किसना, दोन फेऱ्या करा बापा. आज तेराच्या वर जातीन डबे, माह्यानं नाई होनार."

"मावशी, दिवस बुडायच्या आत घरी पोचा लागते. उपस तू," मी म्हणालो.

काठापासून पाच-सात हात गेलो असू. तिनं एकदा पुढच्या काळ्या डोहाकडे पाहिलं, एकदा पुष्पाकडे. आणि डबा खाली ठेवला.

"उपस ना! काऊन थांबली?" तुळशीराम ओरडला.

"नाई उपसत. पाहू द्या सगळ्यायले."

ती गुडघे पोटाशी घेऊन बसली. दातावर दात वाजत होते. वजनानं नाव दबलेली, वरच्या सुकलेल्या फटीही पाण्यात गेलेल्या. पाणी तळव्याला लागलं, मग घोट्याला. बाया किंचाळल्या. पुष्पानं माझा हात असा धरला की नखं रुतली. तसा मी आधी कधी भ्यालो नव्हतो, नंतरही नाही. तुळशीरामनं कशीबशी नाव वळवली आणि छातीभर पाण्यात ती तळाला टेकली. माणसं एकमेकांना धरून काठावर आली. सगळी आली.

आणि काठावर पाय लागताच आम्ही तिलाच शिव्या घातल्या. सगळ्यांत मोठा आवाज माझा. शेठ म्हणाला, बूड शाबूत आहे, वजनानं पाणी काठावरून आत आलं, आणि आम्ही सगळ्यांनी मान डोलावली; दोघांना त्यानं त्याच दिवशी काढून टाकलं. बाई ओल्या लुगड्यात कापत उभी होती.

नाव बरेच दिवस चिखलात पडून होती. उन्हाळ्यात मी ती शेठकडून मागून आणली. म्हटलं, मळ्यात रोपांसाठी पाणी साठवायला हौद होईल. मोटेच्या पाण्यानं काठोकाठ भरली, जेवून आलो तर तळ दिसत होता. पुन्हा भरली आणि या वेळी शेजारीच बसून राहिलो. फळ्याफळ्यांतून पाणी वाहत होतं. भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला. पुष्पाला तेव्हा पाचवा महिना होता.

झुंबरबाई दुसऱ्याच्या मळ्यात मिरच्या तोडत होती. मी म्हणालो, "मावशी, त्या नावमंदी पाणी टिकत नाई वो. घडीभरात खाली होते."

आता ही चार शब्द ऐकवणार, आणि आपण मुकाट ऐकून घ्यायचे, अशी तयारी करूनच मी गेलो होतो. तिच्या ओच्यातल्या मिरच्या खाली सांडल्या. तिनं माझा हात धरला.

"म्हंजे पाणी बुडातूनच येत होतं ना रे किसना? सगळे नाई म्हनत. मले वाटे, मलेच भास होऊन राह्यला."

"हाव मावशी," मी म्हणालो. "येत होतं."