शेजारच्या सीटवर कोण होतं?

आमच्या काकांबद्दल एक गोष्ट सांगितली जाते. न्हाव्याच्या दुकानात तिला दर आठवड्याला नवं शेपूट फुटतं. मूळ गोष्ट अशी, की 'दूरचे सूर्य'च्या नव्या सिनेमाचं पोस्टर चौकात लागलं, ते बघून काकांनी शिकाऊ गाडीचा ब्रेक भर रस्त्यात दाबला आणि पुलापर्यंत गाड्यांची रांग लागली. मग शेपटं: रांगेत रुग्णवाहिका अडकली होती. रुग्णवाहिकेत पेशंट नव्हता, नवरदेव होता. काका गाडीच्या टपावर चढून पोस्टरला सलाम ठोकत होते.

यातलं खरं एवढंच, की ब्रेक काकांनी दाबला. पण पोस्टर बघून नव्हे. पोस्टर बघत होत्या काकांकडे गाडी शिकणाऱ्या केमिस्टबाई, आणि स्टिअरिंगही त्यांच्याच हातात होतं. गाडी अगदी निवांतपणे, जणू पाहुणी निघाली आहे अशी, संत्र्यांच्या हातगाडीकडे निघाली होती. काकांनी आपल्या पायाखालचा ब्रेक दाबला. संत्री वाचली. आणि मग, गाडी थांबलीच आहे तर, म्हणून त्यांनी मान वर करून पोस्टर बघितलं. सिग्नल दोनदा हिरवा होऊन पुन्हा लाल झाला, तरी ते बघतच होते. तेवढी रांग मात्र खरी.

काका, म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ, ड्रायव्हिंग स्कूल चालवतात. स्कूल म्हणजे एक गाडी, घराला लागून एक खोली, भिंतीवर रस्त्याच्या खुणांचा तक्ता आणि टेबलामागे काकू. गाडीला शेजारच्या सीटपुढेही ब्रेक आणि क्लच आहेत. तिथे बसून बसून काकांचा उजवा पाय आता स्वतंत्र झाला आहे. त्याला वाटेल तेव्हा तो चालतो. बसमध्ये चालतो, रिक्षात चालतो. एकदा बहिणीच्या घरी कोणीतरी झोपाळ्यावर जोरात झोका घेतला, तर काकांनी समोरच्या टीपॉयचा पाय मोडला.

घरातही त्यांची भाषा तीच. "भाजी इकडे घे... घे... घे... हां, बस! न्यूट्रल." काकू म्हणते, "हनिमूनला मला म्हणाले, जरा डावीकडे दाब, मागून गाडी येतेय. बागेत होतो आम्ही."

त्यांची नक्कल मी फार छान करते. पाय आपटायचा, दात आवळायचे आणि श्वास आत ओढत "हां हां हां हां" म्हणायचं. घरात काकूच फर्माईश करते. काकांना हे माहीत नाही, असं आमचं सगळ्यांचं ठरलेलं होतं.

आता 'दूरचे सूर्य'बद्दल. ज्यांनी ते पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी सांगते, जरी काकांच्या मते असे लोक जगात नसतात. पाच सिनेमे आहेत. एक म्हातारा, खवचट कॅप्टन आणि त्याचं 'टिटवी' नावाचं खिळखिळं अवकाशयान. टिटवीत पुढे दोन सीट. एकीवर कॅप्टन. दुसरी रिकामी, पाचही सिनेमांत. उड्डाणाआधी कॅप्टन समोरचा पडदा बाहीने पुसतो, पट्टा ओढतो, दांडा धरतो आणि शेजारच्या रिकाम्या सीटवर दोनदा थाप मारतो. टप टप. मग उडतो. तिथे कोण बसायचं, हे पाच सिनेमांत कोणी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही.

नवा सिनेमा त्याच्या आधीचा होता. कॅप्टनच्या तरुणपणाचा. आणि पोस्टरवर त्या रिकाम्या सीटच्या हातावर कोणाचं तरी कोपर होतं. फक्त कोपर. बाकीचं माणूस काळोखात.

"त्याची बायको," केमिस्टबाई म्हणाल्या. "अशी थाप माणूस प्रेमाशिवाय मारत नाही. वरचेवर, नियमित, एकही दिवस न चुकता. हा प्रेमाचाच डोस आहे, सर."

"क्लच सोडा. हळू. बायको वगैरे काही नाही. मास्तर."

"मास्तर?"

"पडदा, पट्टा, मग दांडा. मी तुम्हाला काय शिकवलं? आरसा, पट्टा, मग गिअर. शिकवल्याशिवाय जगात कोणीही आरसा बघत नाही, बाई. त्याला कोणीतरी शिकवलंय. आणि शिकवणारा कुठे बसतो? हां हां हां, ब्रेक!"

ब्रेक अर्थातच काकांनी दाबला.

केमिस्टबाई चौकातल्या औषधाच्या दुकानाच्या मालकीण. बोलायला गोड, अक्षर डॉक्टरांचंही वाचतील असा डोळा, पण गाडीच्या परीक्षेत तीनदा नापास. काकांच्या हाताखालून अख्खं गाव पास होऊन गेलं, या एकट्याच राहिल्या. कारण काय, तर यांचं शिकणं म्हणजे निम्मं 'दूरचे सूर्य'. दोघंही वेडे. बाई वळणावर वाद घालायच्या, काका वाद घालता घालता ब्रेक दाबायचे. इतक्या वेळा दाबायचे, की ब्रेक ही गोष्ट चालवणाऱ्याने दाबायची असते, हे बाईंच्या कधी लक्षातच आलं नाही. त्यांना वाटायचं, गाडी समजूतदार आहे. तिसऱ्या परीक्षेत थांबण्याची पांढरी रेघ आली आणि गेली. शेजारी बसलेल्या साहेबांना बाई काकुळतीला येऊन म्हणाल्या, "अहो, दाबा ना!"

साहेबांनी नापास दाबलं.

यावर आम्ही पोट धरून हसलो. काका हसले नाहीत. त्या दिवशी ते टेबलाशी बसून तक्त्याकडे बघत राहिले. बाहेरून एक बस गेली. चालवणारा काकांचाच जुना विद्यार्थी. त्यानं शिकाऊ गाडी वाटेत उभी दिसली म्हणून असा लांबलचक हॉर्न वाजवला, की खोलीची काच थरथरली.

"रडत शिकला होता हा," काका म्हणाले. "चढावर गाडी मागे जायची की आईला हाका मारायचा. आता बघ. लायसन्स मिळालं की शेजारच्या सीटवर कोण होतं, कोणाला आठवत नाही."

"तुम्ही बसवाल्याबद्दल बोलताय की कॅप्टनबद्दल?" काकूनं विचारलं.

"कॅप्टनला आठवतं," काका म्हणाले. "म्हणून तर थाप मारतो."

तेव्हा कळलं, की हे साधं सिनेमाचं वेड नाही. तिथे बायको निघाली असती तर काकांनी सिनेमाला नावं ठेवली नसती. ते नुसते गप्प झाले असते. आणि काका गप्प होणं आमच्या घरात कोणालाच परवडणारं नाही.

सिनेमा लागेपर्यंतचे दिवस कसे काढले, ते काकूला विचारा. झलक आली, ती काका मोबाईल नाकाला टेकवून, चष्मा कपाळावर चढवून बघायचे. थांबव, मागे घे, थांबव. त्यात त्या सीटवरचा एक हात दिसायचा, पापणी लवेपर्यंत. "अंगठ्याखाली घट्टा बघ! हा हँडब्रेकचा घट्टा." केमिस्टबाईंनी तोच हात दुकानात मोठ्या पडद्यावर लावला. "नखं बघा, सर. कापलेली, स्वच्छ. ही नर्स आहे. कॅप्टन जखमी झाला असणार, हिनं पट्टी बांधली असणार, झालं!" खोकल्याचं औषध न्यायला आलेल्या एका आजोबांचंही मत घेण्यात आलं. ते म्हणाले, "हात माझ्या साडूसारखा आहे."

काकू म्हणाली, "लग्न ठरल्यावर आम्ही पहिला सिनेमा पाहिला तो यातलाच. मी नवी साडी नेसलेली. हा माणूस तीन तास त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होता. मी म्हटलं, ठीक आहे, निदान खुर्चीच आहे."

शेवटी तो दिवस आला. दुपारचा खेळ. शिकाऊ गाडीतून आम्ही चौघं निघालो: काका, काकू, केमिस्टबाई आणि मी. जाताना गाडी काकांनीच चालवली, कारण वेळेवर पोहोचायचं होतं. स्वतः चालवताना ते अगदी सरळ माणसासारखे चालवतात. वेडेपणा सगळा शेजारच्या सीटवरचा.

थिएटरात अंधार झाला आणि पडद्यावर टिटवी आली, नवीकोरी, चकचकीत. मागे कोणीतरी शिट्टी मारली. तरुण कॅप्टन आला. उर्मट, केस डोळ्यांवर. आणि शेजारच्या सीटवर येऊन बसली एक मुलगी. नकाशे बघणारी. सुंदर. इतकी सुंदर, की काकूसुद्धा "अगं बाई" म्हणाली. केमिस्टबाईंनी काकांना कोपरानं ढोसलं. मग तो तिच्याकडे बघून हसला, ती त्याच्याकडे बघून हसली, आणि बाईंनी काकांना पुन्हा ढोसलं.

मध्यंतरात दिवे लागले तेव्हा काका खुर्चीत अर्धे झाले होते.

"काही खाणार?" काकूनं विचारलं.

"नको."

"पाणी?"

"नको."

"अहो, सिनेमा आहे तो."

"मी काय म्हणतोय? सिनेमाच आहे."

केमिस्टबाईंचा चेहरा पडला. जिंकत होत्या तरी. "सर," त्या हळूच म्हणाल्या, "अजून अर्धा बाकी आहे. औषधाचा कोर्स पूर्ण केल्याशिवाय गुण सांगता येत नाही."

मध्यंतरानंतर ती मुलगी एका ग्रहावर उतरली, तिथे नोकरी लागली म्हणून. निरोप घेतला आणि गेली. सीट रिकामी झाली. आणि रिकाम्या सीटकडे बघता बघता कॅप्टनला जुनं आठवू लागलं. पडदा धूसर झाला. त्या सीटवर आता एक म्हातारी होती. कुबडी घेतलेली, पांढरे केस, खर्जातला आवाज. आणि ती ओरडली:

"पडदा! पट्टा! मग दांडा! कितीदा सांगायचं, गाढवा?"

काका उठून उभे राहिले. "मास्तर निघाली!"

"बाई निघाली!" केमिस्टबाईही उठल्या.

पुढच्या रांगेतला गृहस्थ मागे वळला. "दोघंही खाली बसा, नाहीतर मी बाहेर निघेन!"

काका बसले. चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, घातला, परत काढला. म्हातारीच्या सीटपुढेही एक दांडा होता. दुसरा दांडा! अगदी काकांच्या ब्रेकसारखा. काकांनी माझा हात असा दाबला, की तिथे काही काळ रक्त आलंच नाही.

मग तो प्रसंग आला. टिटवी जळत्या ढगांतून खाली कोसळते आहे, पोरगा घामाघूम, आणि म्हातारी काय करते? आपला दांडा खाचेतून उपटते, मांडीखाली ठेवते आणि खिडकीबाहेर बघत बसते. पोरगा किंचाळतो, "दाबा ना!" ती म्हणते, "हात थरथरतोय? थरथरू दे. मी बघत नाहीये."

धाड्! काकांचा पाय पुढच्या खुर्चीवर.

"अहो, काय राव!" तोच गृहस्थ.

"सॉरी, सॉरी. पण झोपली की काय ती?"

टिटवी उतरली. कशीबशी, एका पंखावर, पण उतरली. म्हातारीनं वळून त्याच्या सीटवर दोनदा थाप मारली. टप टप. थिएटरात सगळे रडत होते. काका सोडून. काका संतापले होते.

बाहेर उन्हात येईपर्यंत त्यांनी दम धरला. "मास्तर म्हणून शून्य! दांडा मांडीखाली? माझं स्कूल एका दिवसात बंद करतील! पोरगा मेला असता म्हणजे?"

"पण मेला नाही ना," काकू म्हणाली.

"नशीब!"

"आणि सर, तो पास झाला," केमिस्टबाई म्हणाल्या. एवढंच. मग त्यांनी काकांकडे किल्ली मागितली.

काकांनी खिसे चाचपले. किल्ली दिली आणि शेजारी जाऊन बसले. काकू आणि मी मागे. बाईंनी आरसा बघितला, पट्टा ओढला, गिअर टाकला. एरवी यातलं एक तरी राहतंच.

मला राहवलं नाही. "काका, पैज. घरापर्यंत ब्रेकला पाय न लावता दाखवा."

"लावला तर?"

"तर माझ्या वाढदिवसाला सगळ्यांसमोर टपावर चढून पोस्टरला सलाम ठोकायचा. अफवा खरी करायची."

"आणि नाही लावला तर?"

"तुम्ही म्हणाल ते."

"तर तू जी माझी नक्कल करतेस ना," काका म्हणाले, "ती माझ्यासमोर करायची. क्लासमध्ये. सगळ्या विद्यार्थ्यांपुढे."

काकू एकदम खिडकीबाहेर बघू लागली.

तरी मी खुशीत होते. त्या पायाला मी लहानपणापासून ओळखते. टीपॉयला विचारा. मी हात पुढे केला आणि टाळी दिली.

काकांनी चपला काढल्या. त्या सीटखाली सरकवल्या. मग एक पाय उचलला, दुसरा उचलला आणि त्या एवढ्याशा सीटवर, पट्ट्यासकट, पंगतीला बसल्यासारखी मांडी घातली.

"हे चालणार नाही!" मी म्हटलं.

"पाय लावायचा नाही म्हणालीस. मांडी घालायची नाही असं कुठे ठरलं? चला, बाई."

बाई निघाल्या. पहिल्या वळणाला काकांचा गुडघा उडाला, त्यांनी तो दोन्ही हातांनी खाली दाबला. दुसऱ्या वळणाला कुत्रं आडवं आलं. काका "हां हां हां हां" एवढंच म्हणाले आणि डोळे मिटून घेतले. मग चौक आला. वर पोस्टर, खाली संत्र्यांची हातगाडी, आणि गाडीवाला आम्हाला ओळखून आधीच पळायच्या पवित्र्यात.

"सर," बाईंचा आवाज कापत होता. "सर, दाबा ना!"

"मी बघत नाहीये," काका म्हणाले. खरंच बघत नव्हते. कपाळावर घाम, मांडी आवळलेली आणि तोंड खिडकीकडे.

गाडी थांबली. हातगाडीपासून वीतभर अंतरावर, पण थांबली. एकही संत्रं हललं नाही. केमिस्टबाईंनी आधी आपल्या पायाकडे बघितलं, मग काकांच्या मांडीकडे, आणि मग पुन्हा आपल्या पायाकडे.

"मी दाबला?"

"तुम्हीच दाबलात," काका म्हणाले. "आता इंडिकेटर द्या, मागे रांग लागलीय. अफवा उठेल."

दारात गाडी लागली तेव्हा काकांच्या दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या. बाईंनी एका बाजूनं आणि काकूनं दुसऱ्या बाजूनं धरून त्यांना खाली उतरवलं. लंगडत, भिंतीला धरत ते स्कूलच्या खोलीत गेले, संध्याकाळच्या क्लासला आलेल्या विद्यार्थ्यांच्या बाकावर अगदी पुढे बसले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "हां. कर आता. आणि पाय उजवा आपट. घरी डावा आपटतेस."