पश्चिमेचा वारा आणि नॅव्हिगेशनचा पेपर

नॅव्हिगेशनच्या पेपरात मी दुसऱ्यांदा नापास झाले, तेव्हा लातूरच्या एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवत होते. शिकवत म्हणजे डाउट काढायचे. डॉक्टर व्हायला निघालेली पोरं वह्या घेऊन रांगेत उभी राहायची आणि मी एकेकाचं अडलेलं गणित सोडवून द्यायचे. नदीला जोरात प्रवाह आहे, होडी सरळ पलीकडे न्यायची आहे, तर होडीचं तोंड कुठे वळवावं, हे मी दिवसातून चार वेळा तरी समजावून सांगत असे. पोरं म्हणायची, मॅडम, तुम्ही लई सोपं करून सांगता. आणि तेच गणित होडीच्या जागी विमान आणि पाण्याच्या जागी वारा घालून माझ्यापुढे आलं की माझं उत्तर हमखास चुकायचं.

पायलटच्या परीक्षांपैकी हवामानाचा आणि नियमांचा पेपर मी पहिल्या फटक्यात काढला होता. नॅव्हिगेशनला, म्हणजे विमानाची दिशा आणि वेळ काढायच्या पेपराला, शंभरात सत्तर लागतात. मला पहिल्यांदा अठ्ठेचाळीस पडले, दुसऱ्यांदा बासष्ट. मी खालाकडे, म्हणजे अम्मीच्या धाकट्या बहिणीकडे राहत होते. बासष्ट पडले त्या दिवशी तिनं गाजराचा हलवा केला. तिच्या मते पोरगी हळूहळू का होईना, चढत होती.

मग रमजान लागला. एका संध्याकाळी आम्ही दोघी दस्तरखानापाशी बसलो होतो. मी हातात खजूर घेऊन अजानची वाट बघत होते, तेवढ्यात नांदेडहून अम्मीचा फोन आला.

"रोजा सोडला का?"

"नाही, अजून अजान व्हायचीय."

"इथं तर झाली. मी पाणीसुद्धा प्याले."

यात नवीन काहीच नव्हतं. नांदेडचा इफ्तार, म्हणजे सूर्य मावळल्यावर रोजा सोडणं, लातूरच्या तीन मिनिटं आधी होतो, हे मला लहानपणापासून माहीत होतं. दर वर्षीच्या छापील वेळापत्रकात ते असतंच. पण त्या दिवशी दुपारभर मी पुस्तकातलं एकच पान घोकत होते : सूर्याला रेखांशाचा एक अंश ओलांडायला चार मिनिटं लागतात. पूर्वेच्या गावाची वेळ काढताना मिळवायचं की वजा करायचं, यात मी दोन्ही पेपरांत मार खाल्ला होता. नांदेड पूर्वेला, लातूर पश्चिमेला. दोघांत पाऊण अंशाचा फरक. पाऊण गुणिले चार. तीन.

मी खजूर हातात तसाच धरून हसायला लागले. थांबताच येईना.

"काय झालं गं?" खालानं विचारलं.

"अम्मी पूर्वेला आहे," मी म्हणाले. "म्हणून ती आधी पाणी प्याली."

"पोरीला रोजा चढला वाटतं," असं म्हणून खालानं सरबताचा ग्लास अजानच्या आधीच माझ्यापुढे सरकवला.

त्यानंतर रमजान संपेपर्यंत मी कुणालाही सोडलं नाही. क्लासमध्ये शिरूर अनंतपाळची एक मुलगी होती. तिला मी बोलावून सांगितलं की तुझ्या गावात सूर्य लातूरपेक्षा एक मिनिट आधी मावळतो. ती म्हणाली, "मॅडम, हे परीक्षेला हाय का?" मी म्हणाले, "तुझ्या न्हाई, माझ्या हाय."

ईदला नांदेडला गेले. अब्बांचं टेलरिंगचं दुकान आहे. ईदच्या आधी तिथे पाय ठेवायला जागा नसते आणि ईदनंतर आठवडाभर माशासुद्धा फिरकत नाहीत. अब्बा रिकाम्या कटिंग टेबलापाशी बसले होते आणि मी त्याच टेबलावर नकाशा पसरून रडकुंडीला आले होते. घरात आम्ही दखनी बोलतो, पण दुकानाच्या उंबऱ्याच्या आत आले की अब्बा माझ्याशीही मराठीच बोलतात.

"काय अडलंय?" त्यांनी विचारलं.

"साठ मैल गेल्यावर विमान एक मैल बाजूला सरकलं, तर ते एक अंशानं चुकलं. असा नियम आहे. पाठ आहे, पण डोक्यात बसत नाही."

अब्बांनी गळ्यातली टेप काढली आणि टेबलावर सरळ अंथरली. "ही साठ इंचाची हाय," ते म्हणाले. टेपेच्या कडेनं त्यांनी खडूची रेघ मारली. मग एक टोक बोटानं दाबून धरलं, दुसरं टोक इंचभर बाजूला सरकवलं आणि दुसरी रेघ मारली. "बघ आता."

मी कोनमापक लावला. एक अंश. केसभर कमी.

"एवढंच?" अब्बा म्हणाले. "हे तर आम्ही रोज बघतो. वर कैची एक सूत हलली की खाली घेर गेला."

मला इतका आनंद झाला की मी लगेच वाऱ्याचंही गणित त्यांच्यापुढे टाकलं. पश्चिमेचा वारा आहे, विमान उत्तरेला न्यायचंय. मी बाण काढला. अब्बा बाणाकडे बघत राहिले.

"वारा पश्चिमेचा म्हणलीस ना? मग बाण पश्चिमेकडं कसा चालला?"

"पश्चिमेचा आहे म्हणून."

"पश्चिमेचा म्हणजे तिकडून आलेला."

लातूरची गाडी म्हणजे लातूरला जाणारी गाडी. दोन वर्षं मी वाऱ्यालाही तसंच वाचत होते; हवामानाचा पेपर निव्वळ पाठांतरावर निघाला होता. माझी सगळी विमानं म्हणूनच उलट्या बाजूला वाहत गेली होती. नांदेडहून लातूरला निघालेलं एक तर कागदावर नेमकं उलट, पूर्वेच्या उमरीच्या दिशेला लागलं होतं.

हे मी अब्बांना सांगितलं. त्यांनी शांतपणे खडू खिशात ठेवला. "वारा पाव्हणा हाय, बेटा. कुठून आला ते विचारायचं. गाडी न्हाई ती."

मग आम्ही दोघंही हसत सुटलो. शेजारचे चप्पलवाले डोकावून बघून गेले.

दुसऱ्या दिवशी लातूरच्या बसमध्ये मी पुढची जागा पकडली. हातात वेग आणि वेळ काढायची गोल पट्टी होती, आणि खिडकीतून किलोमीटरचे दगड दिसत होते. लोहा मागे पडल्यावर मी कंडक्टरना म्हणाले, "अहमदपूर दहा सत्तेचाळीसला येईल."

"टाइमटेबलात तर तसं न्हाई."

"मी काढलंय."

त्यांनी ते ड्रायव्हरना सांगितलं. पुढच्या चार रांगांना ते आपोआप कळलं. मध्ये मेंढ्यांचा कळप आडवा आला आणि गाडी दोन मिनिटं उभी राहिली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सांगितलं, आता एकोणपन्नास. बस स्टँडात शिरली तेव्हा बरोबर एकोणपन्नास झाले होते. मागच्या बाकावरच्या एका आजीबाईंनी गाठोडं उचललं आणि त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या. "मला चाकूरला उतरायचंय. कधी येतंय सांग." मी सांगितलं, अकरा एकतीस. चाकूर अकरा बत्तीसला आलं. उतरता उतरता आजीबाई म्हणाल्या, "एक मिनिट चुकलीस बघ, बाई."

तिसरा पेपर मी हैदराबादला दिला. वाऱ्याचा प्रत्येक प्रश्न वाचताना मला आतून हसू फुटत होतं आणि पर्यवेक्षक दोनदा जवळून फिरून गेले.

निकाल लागला तेव्हा मी डाउट काढत होते. एक्क्याऐंशी. समोरचा मुलगा विचारत होता, मॅडम, होडीचं तोंड कुठे करायचं, आणि मला उत्तर देता येईना, इतकी मी हसत होते. त्यानं समजूतदारपणे वही मिटली आणि म्हणाला, "मी उद्या येतो."

मी अब्बांना फोन केला. मागे चालू असलेलं मशीन थांबलं. "किती?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. मग ते कुण्या गिऱ्हाइकाला म्हणाले, "दोन मिनिटं थांबा, पोरीचा फोन हाय."

त्या संध्याकाळी मी पायी घरी निघाले. डोक्यात काय चाललं होतं आठवत नाही, पण भान आलं तेव्हा मी दालमिलच्या रस्त्यावर होते, खालाच्या घराच्या अगदी उलट्या टोकाला, आणि केसांवर तुरीची बारीक धूळ बसली होती. रिक्षा केली. चालकाला मी सगळं सांगून टाकलं, पेपर, वारा, एक्क्याऐंशी, सगळं. त्यानं आरशातून माझ्याकडे बघितलं.

"पायलट होऊन राहिल्या," तो म्हणाला, "अन् गल्ली कुठली ते अजून सांगितलं न्हाई तुम्ही."