सईच्या जागी जिन्यावर कोण होतं?

असल्या गोष्टी मी कधी मानल्या नाहीत. चौथीपर्यंत शिकलो, जन्मभर लेथवर काम केलं. मापात बसेल तेच खरं, हा माझा हिशोब. तरी हे लिहितोय…

आम्ही लंडनच्या टोकाला, पिनरला राहतो. मुलगा, सून, नात सई आणि मी. सई शाळेत प्रीफेक्ट आहे. म्हणजे मोठ्या मुलीनं लहानांवर लक्ष ठेवायचं. जेवणाच्या सुट्टीत तिनं मागच्या जिन्यावर उभं राहायचं, लहानांना ढकलाढकली करू द्यायची नाही. दोनदा उशीर झाला म्हणून सरांनी बजावलं होतं, आता चुकलीस तर बॅज परत.

त्या मंगळवारी माझी डोळ्यांची अपॉइंटमेंट होती. सून म्हणाली, "बाबा, हॉस्पिटलवाले फोनवर दुभाष्या देतात."

"त्याला फोनमधून माझा डोळा दिसतो का?"

सई म्हणाली, "मी येते आजोबा. माझी ड्युटी एक वाजता आहे. तोपर्यंत परत."

कसलं परत. तिथे नुसतं बसवून ठेवलं. मग थेंब घातले, सगळं धूसर. सई माझा हात धरून शेजारी. एक वाजून गेला.

"गेला माझा बॅज," ती म्हणाली.

"मग जा की तू."

"तुम्हाला असं सोडून? गप बसा आता."

दुसऱ्या दिवशी ती आपणहून सरांना बॅज द्यायला गेली. सर म्हणाले, "कशासाठी? काल जिन्यावर एक छोटी मुलगी पडत होती, तू धरलंस. मी समोरच होतो." त्या छोटीनंही सईचंच नाव सांगितलं होतं. सईनं खरं काय ते सांगितलं, तर सर म्हणे, एवढा विनय बरा नाही. बॅज घेतलाच नाही.

मुलगा मला म्हणाला, "बाबा, तुम्हाला दिसत नव्हतं. ती मध्येच जाऊन आली असेल."

अरे, थेंब डोळ्यांत घातले होते, हातात नाही. तिचा हात मी घरी येईपर्यंत सोडला नव्हता. किती वेळा सांगायचं… दमलो मी.

ती छोटी आता रोज सईला लांबून हात करते. परवा सई माझ्याजवळ येऊन बसली. "आजोबा, मी पण हात केला तर ते खोटं होतं का?"

मी म्हटलं, कर. त्यापुढचं मला अजून कळलेलं नाही.